बडोद्यात ०.० क्राफ्ट बिअरचा महिन्याचा डबा: कशाच्या आधी काय करायचं

आमच्या ओळखीतल्या पाचसहा घरांनी गेल्या वर्षभरात बिनअल्कोहोलच्या क्राफ्ट बिअरचं मासिक सबस्क्रिप्शन घेतलं. दोन घरांत ते अजून सुरू आहे. एका घरात डबे येतात पण कुणी पीत नाही, आणि बाकीच्यांनी वैतागून बंद केलं. बिअर वाईट होती अशी तक्रार कुणाचीच नव्हती. गोंधळ झाला तो क्रमाचा. जाहिरात बघून आधी पैसे भरले, मग चव घेतली, आणि लेबल वाचलं ते सगळ्यात शेवटी, सोसायटीच्या वॉचमननं "साहेब, आ बियर छे?" असं विचारल्यावर. खालचे टप्पे याच्या बरोबर उलट क्रमाने लावले आहेत. मधला एखादा टप्पा गाळू नका.

टप्पा १: ०.० की ०.५, हे सगळ्यात आधी

पुण्यामुंबईच्या लोकांना हा टप्पा लागत नाही, आपल्याला लागतो. "नॉन-अल्कोहोलिक" या एका शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एकीच्या लेबलवर ०.०% असतं, दुसरीच्या लेबलवर "०.५% पेक्षा कमी" असतं. केंद्राच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे ०.५ टक्क्याच्या वर अल्कोहोल असलेलं पेयच मद्यपेय ठरतं, त्यामुळे दुसरी वस्तूही देशभर बिनअल्कोहोलची म्हणून विकली जाते.

पण गुजरातेत १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. त्यातल्या मद्याच्या व्याख्येत दारू, वाइन, बिअर, ताडी तर आहेतच, शिवाय अल्कोहोल असलेले सगळे द्रव त्यात येतात. ०.४ टक्केवाली बाटली कायद्याच्या कोणत्या बाजूला पडते यावर वकील वाद घालू शकतील. तो वाद तुमच्या दारात कशाला? बडोद्यात डबा मागवायचा तर त्यातला प्रत्येक कॅन ०.० लिहिलेला हवा.

यातली नेहमीची चूक अशी: कंपनीच्या मुख्य पानावर "०.०" मोठ्या अक्षरात असतं, पण महिन्याच्या मिश्र डब्यात एखादा "खास पाहुणा" कॅन ०.५ वाला निघतो. ग्राहकसेवेला लेखी विचारा: "डब्यातले सगळे कॅन ०.० आहेत ना, आणि गुजरातच्या पिनकोडवर तुम्ही पाठवता ना?" उत्तर जपून ठेवा. फोनवर "हो हो सर" मिळालं, ते धरू नका.

तपासा: उत्तर लेखी आलं का? आलं नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा २: लेबल शेवटपर्यंत वाचा

"क्राफ्ट" हा शब्द छापायला काही लागत नाही. खरी गोष्ट घटकांच्या यादीत कळते. पाणी, सातूचा किंवा गव्हाचा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं), यीस्ट अशी आटोपशीर यादी असेल तर ती वस्तू बहुधा बिअरसारखी आंबवलेली आहे. असली बिअर करायच्या दोन मुख्य वाटा. एकीत नेहमीसारखी बिअर करून नंतर कमी दाबाखाली, कमी तापमानात किंवा गाळणीतून अल्कोहोल काढतात. दुसरीत आंबवणं मध्येच थांबवतात, किंवा माल्टमधली मुख्य साखर, म्हणजे माल्टोज, न खाणारं यीस्ट वापरतात. पहिल्या वाटेची बिअर कोरडी लागते, दुसरीची किंचित गोडसर, शिजवलेल्या धान्याच्या वासाची.

यादीत साखर दुसऱ्या क्रमांकावर असेल आणि पुढे सफरचंद, पुदिना, पीच असे स्वाद असतील तर ते माल्टचं सरबत आहे. सरबत म्हणून छान लागेल, पण बिअरचा डबा म्हणून त्याला पैसे देऊ नका.

मग साखरेचा आकडा बघा. तो १०० मिलिलीटरमागे दिलेला असतो आणि फसगत तिथेच होते. ६ ग्रॅम वाचून कमी वाटतं, पण ३३० मिलिलीटरच्या कॅनमध्ये ते जवळजवळ २० ग्रॅम होतात, म्हणजे चहाचे पाच चमचे. आंबवलेल्या चांगल्या ०.० मध्ये आकडा बराच खाली असतो.

सावधान: घरात मधुमेह असेल तर माल्टोज रक्तातली साखर फार वेगाने चढवतं. युरिक अ‍ॅसिडचा त्रास असेल तर अल्कोहोल नसलं तरी माल्ट आणि यीस्टमधली प्युरिन्स, ज्यांचं शरीरात युरिक अ‍ॅसिड बनतं, ती राहतातच. ग्लुटेन चालत नसेल तर सातू-गहू दोन्ही वर्ज्य. या तिघांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. आणि दारू सोडलेल्या माणसासाठी "यात काही नसतं" म्हणून हा डबा परस्पर मागवू नका. वास, फेस, ग्लास या गोष्टी जुनी तल्लफ जागी करतात. त्यानं स्वतःहून मागितलं तरच, आणि तेव्हाही त्याच्या समुपदेशकाला विचारून.

टप्पा ३: डब्याआधी सुटे कॅन

बारा कॅनचा डबा हा चव कळण्याचा मार्ग नव्हे. आधी चार सुटे कॅन आणा. हायनेकन ०.० किंवा बडवायझर ०.० यांसारखी सरळ लागर (हलकी, फिकी, नेहमीची बिअर) एक, गव्हाची एक, हॉप्सचा ठसठशीत कडूपणा असलेली पेल एल किंवा आयपीए एक, आणि मिळाली तर काळी स्टाउट एक. शेवटच्या दोन कोपऱ्यावरच्या दुकानात सहसा नसतात, त्या सुट्या ऑनलाइन मागवा.

चारही एका संध्याकाळी उघडू नका. एक आड एक दिवस, रिकाम्या जिभेने, जेवणाच्या तासभर आधी. पहिला घोट नेहमीच विचित्र लागतो, कारण अल्कोहोलची घशातली ऊब नसते आणि जीभ ती शोधत राहते. तिसऱ्या-चौथ्या घोटाला खरी चव कळते. माझ्या बायकोनं गव्हाची पहिल्यांदा प्यायली तेव्हा म्हणाली, "यात केळ्याचं शिकरण कुणी सांडलंय?" चेष्टा सोडा, निरीक्षण अचूक होतं. त्या जातीच्या यीस्टमुळे केळं आणि लवंग यांच्यासारखा वास येतोच.

चारपैकी किमान दोन प्रकार पुन्हा प्यावेसे वाटले तर डबा घ्या. एकच आवडला तर त्याचा सहाचा पॅक घ्या, मिश्र सबस्क्रिप्शन तुमच्यासाठी नाही. एकही आवडला नाही तर जिऱ्याच्या सोड्यात काही कमी नाही.

टप्पा ४: हिशेब कॅनमागे करा

डब्याची किंमत अधिक घरपोच खर्च, भागिले कॅनची संख्या. समजा डबा १,४४० रुपयांचा, घरपोच १२०, कॅन १२, तर कॅनमागे १३० पडले. डब्यात "भेट" म्हणून येणारं कोस्टर, चिकटचित्रं, शेंगदाण्याची पुडी हिशेबात धरू नका. हाच प्रकार सुटा किती पडतो ते बघा आणि फरक तुम्हाला परवडतो का ते ठरवा.

शक्य तो सर्वात लहान डबा आणि सर्वात छोटी मुदत घ्या. तीन महिन्यांचे एकदम भरले की सवलत मिळते, पण पहिल्या वेळी ती सवलत महाग पडते.

टप्पा ५: ऑटोपे, डोळे उघडे ठेवून

इथे घाई नडते. यूपीआय ऑटोपे किंवा कार्डाची परवानगी देताना पडद्यावर तीन गोष्टी असतात, त्या वाचल्याशिवाय पिन टाकू नका:

१. कमाल रक्कम. डबा १,५६० चा असला तरी परवानगी ५,००० पर्यंतची मागितलेली असू शकते.

२. वारंवारता. "मासिक" लिहिलंय का, की "गरजेनुसार"?

३. शेवटची तारीख. काही ठिकाणी ती कित्येक वर्षं पुढची असते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा नेहमीच्या व्यवहारांना दर वेळी ओटीपी लागत नाही. म्हणजे ती सूचना हाच तुमचा एकमेव ब्रेक. आमच्या एका मेहुण्याच्या फोनवर बँकेचे मेसेज गप्प करून ठेवलेले होते. चार डबे आले, चौथा आल्यावर त्याला कळलं की आपण पहिल्यानंतर काही ठरवलंच नव्हतं.

तपासा: परवानगी दिल्यावर लगेच यूपीआय अ‍ॅपमधला ऑटोपेचा भाग उघडा. तिथे कंपनीचं नाव, रक्कम आणि रद्द करायचं बटण दिसतंय का? दिसलं की पहिला डबा येण्याच्या तारखेपासून विसावा दिवस मोजून कॅलेंडरवर गजर लावा. तो टप्पा १० साठी आहे.

टप्पा ६: डबा दारात आला की

पाठवण्याचा दिवस निवडता येत असेल तर सोमवार किंवा मंगळवार घ्या, म्हणजे खोकं रविवारभर कुठल्यातरी गोदामात तापत पडणार नाही. एप्रिल-मेमध्ये सबस्क्रिप्शन सुरूच करू नका. आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो आणि टेम्पोच्या पत्र्याखाली काय होत असेल ते सांगायला नको. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ उत्तम.

खोकं उघडताना मोबाइलवर एकसलग चित्रण करा: आधी पत्त्याची चिठ्ठी, मग सील, मग आतले कॅन. फुटतूट झाली तर बऱ्याच कंपन्या असं चित्रण मागतात. मग प्रत्येक कॅनवर ०.०, अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक आणि तारीख बघा. पोचा पडलेला कॅन वेगळा काढा, फुगलेला कॅन उघडूच नका. बिल खोक्यातून काढून कपाटात ठेवा. वॉचमन असो वा कुणी अधिकारी, बिल आणि लेबल दाखवलं की बहुधा दोन मिनिटांत विषय संपतो. याच कारणासाठी ही बिअर स्टीलच्या बाटलीत ओतून सहलीला नेऊ नका. वास बिअरचा, लेबल नाही, आणि चेकपोस्टवर उभे तुम्ही.

लगेच एक उघडून बघायचा मोह होईल. थांबा. प्रवासात हिंदकळलेला कॅन उभा ठेवून एक दिवस फ्रिजमध्ये विसावू द्या, नाहीतर अर्धा फेस टेबलावर जाईल.

टप्पा ७: ठेवणं

निम्मे डबे इथे बिघडतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

बिअरचे शत्रू तीन: ऊन, उष्णता आणि वेळ. उष्णतेबद्दल बिअर बनवणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब आहे: ३२ अंशांत ३ दिवस, २२ अंशांत ३० दिवस, ३ अंशांत ३०० दिवस. म्हणजे ३२ अंशांत तीन दिवस पडलेली बिअर जितकी शिळी होते, तितकी व्हायला फ्रिजमधल्या बिअरला ३०० दिवस लागतात. आता आपल्या माळ्यावरचं तापमान आठवा. डबा माळ्यावर, गॅलरीत किंवा गाडीच्या डिकीत "दोनच दिवस" ठेवलात तरी हॉप्सचा लिंबासारखा, फुलांसारखा वास जातो आणि ओल्या पुठ्ठ्याची चव येते. तारीख संपायला सहा महिने असले तरी.

फ्रिजच्या दारात ठेवू नका, दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं. मधल्या कप्प्यात मागे, उभे ठेवा. जागा नसेल तर आयपीए आणि पेल एल फ्रिजमध्ये, बाकीचे घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कोपऱ्यात. आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात जिन्याखालची कोठी होती, तिथे मेमध्येही पाय गार व्हायचे. मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये तसं काही नाही, म्हणून आम्ही बाराऐवजी सहाचाच डबा घेतो.

उन्हाचा मासला उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, मिळतो. गच्चीवर पतंग, उंधियु, आणि हिरव्या काचेच्या बाटल्या कठड्यावर रांगेत. अर्ध्या तासात बाटलीतून असा वास येतो की कुणी जवळपास रबर जाळतंय. हॉप्समधल्या घटकांवर प्रकाश पडला की गंधकाचं एक संयुग तयार होतं, त्याचा हा वास. बिअर नासलेली नसते, पण तोंडाला लावावीशी वाटत नाही. हिरवी आणि पांढरी काच प्रकाश जवळपास अडवतच नाही, तपकिरी बराच अडवते, कॅन पूर्ण अडवतो. गच्चीवर कॅनच न्या, आणि बर्फाच्या बादलीवर ओलं फडकं टाका.

सावधान: फ्रीझर. अल्कोहोलमुळे साधी बिअर गोठायला जरा जास्त थंडी लागते, ०.० ला तेवढी लागत नाही. "दहा मिनिटं ठेवतो" म्हणून मी दोन कॅन ठेवले आणि फोनवर बोलत बसलो. सकाळी फ्रीझरच्या छताला माल्टचा बर्फ आणि मटारच्या पिशवीला बिअरचा वास. घाई असेल तर पातेल्यात बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून कॅन त्यात बुडवा. पंधरा मिनिटांत गार होतो, फ्रीझरपेक्षा लवकर.

टप्पा ८: ग्लास, तापमान, ओतणं

कॅनमधून थेट पिऊ नका. अल्कोहोल नसलेल्या बिअरमध्ये सगळा खेळ वासाचा आहे आणि कॅनच्या भोकातून नाकाला काही मिळत नाही. स्टीलच्या पेल्यातही नको.

काचेचा ग्लास घ्या, पण कोणता? आपल्या घरी काचेचे ग्लास ताक, मठ्ठा, बदामाचं दूध यांनाच लागतात. त्यातला स्निग्ध पदार्थ काचेला अदृश्य चिकटून राहतो आणि फेस पडतो तसा विरतो. लोक म्हणतात, "ही बिअरच मेलेली आहे." बिअरचा दोष नसतो. दोन ग्लास फक्त यासाठी वेगळे ठेवा, गरम पाण्यानं धुवा, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा आणि फडक्यानं न पुसता उपडे ठेवा.

तपासा: ग्लास आतून ओला करून चिमूटभर मीठ भुरभुरा. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ. जिथे चिकटत नाही तिथे तुपकटपणा आहे.

तापमान: लागर ४ ते ६ अंश, गव्हाची ५ ते ७, पेल एल आणि आयपीए ७ ते १०, स्टाउट १० च्या वर. फ्रिजमधून काढून लागर लगेच, गव्हाची पाचेक मिनिटांनी, आयपीए दहा मिनिटांनी, स्टाउट वीस मिनिटांनी. बर्फ घालू नका. फार गार बिअरला चव नसते, हे ज्यांना बेचव वाटते त्यांच्या लक्षात येत नाही.

ग्लास तिरपा धरून काठावरून ओता, अर्धा भरला की सरळ करा आणि मध्यभागी ओता. वर दोन बोटं फेस यायला हवा. गव्हाच्या बिअरचा शेवटचा घोटभर कॅनमध्ये ठेवा, कॅन हलकेच फिरवा आणि तळाचा गाळ वरून ओता. चव त्या गाळात असते. उघडलेला कॅन लगेच संपवा, झाकून उद्याला ठेवू नका.

टप्पा ९: कोणती कधी, कशाबरोबर

इथे दोन वेगळे क्रम आहेत आणि लोक ते एकत्र करतात. महिन्याभराचा क्रम ताजेपणाप्रमाणे: आयपीए आणि पेल एल पहिल्या आठवड्यात संपवा, कारण हॉप्सचा वास सर्वात आधी उडतो. मग गव्हाची, मग लागर, आणि स्टाउट शेवटी. पण एकाच संध्याकाळी दोन-तीन प्रकार चाखायचे असतील तर उलट: हलकीपासून कडूकडे. आयपीए आधी प्यायलात तर नंतरची लागर पाण्यासारखी लागेल आणि तुम्ही उगाच तिला नापास कराल.

खाण्याचं म्हणाल तर सेव उसळीबरोबर आयपीए ही हमखास होणारी चूक. कडूपणा आणि तिखट एकमेकांना चढवतात, डोळ्यांत पाणी येतं. तिथे गव्हाची किंवा लागर. लिल्या चिवड्याबरोबर (आपला बडोद्याचा ओलसर, गोडतिखट चिवडा) लागर झकास, हिरव्या मिरचीचा आणि साखरेचा दोन्हीचा तोल ती सांभाळते. आयपीए भाकरवडीबरोबर घ्या. स्टाउट संक्रांतीच्या गुळाच्या पोळीबरोबर घेऊन बघा, वरून तूप कमी. फरसाणाचं तेल ओठाला लागलं की फेस विरणार, तेव्हा रुमाल हाताशी ठेवा.

प्रत्येक कॅनसाठी वहीत एक ओळ लिहा: नाव, तारीख, पुन्हा घेऊ की नको. तारे, गुण असलं काही नको.

टप्पा १०: विसाव्या दिवशी

गजर वाजला की फ्रिज उघडा आणि उरलेले कॅन मोजा. निम्म्याहून जास्त उरले असतील तर पुढचा महिना थांबवा. सगळे संपले असतील आणि वहीत अर्ध्याहून अधिक "पुन्हा" असेल तर चालू ठेवा. मधल्या अवस्थेत बहुतेक कंपन्या देतात ती "एक महिना वगळा" ही सोय वापरा.

बंद करायचं तर क्रम असा: आधी कंपनीच्या खात्यात सबस्क्रिप्शन रद्द करा, रद्द झाल्याचा ईमेल येऊ द्या, मग यूपीआय अ‍ॅपमधून ऑटोपे रद्द करा. दोन्ही पडद्यांची चित्रं काढून ठेवा. नुसतं ऑटोपे रद्द केलं तर कंपनीच्या खात्यात तुमची ऑर्डर "थकीत" दिसत राहू शकते आणि आठवणीचे फोन सुरू होतात. नुसतं कंपनीत रद्द केलं तर बँकेतली परवानगी जागीच राहते. पुढच्या वेळी पैसे कापायच्या तारखेला बँकेचा मेसेज आला नाही ना, तेवढं एकदा बघा.

रिकामे कॅन धुवा, चेपा आणि लेबल वर दिसेल असे पिशवीत भरा. भंगारवालाही विचारणारच, "आ बियर छे?"